लय सांभाळणारे – भाग ६ : गंधर्व मंडळीतले खाँसाहेब

तबल्याचा अभ्यास करणाऱ्या कुणाहीसमोर उस्ताद अहमदजान थिरकवा हे नाव घ्या, हात आपसूक कानाच्या पाळीला जातो. त्यांचं चरित्र सांगायची एक ठरलेली वाट आहे. मुरादाबादच्या सारंगियांच्या घरात जन्म, साल बहुतेक ठिकाणी १८९२ दिलेलं. लहानपणीच मुनीर खाँ यांच्याकडे तालीम. बोटं तबल्यावर थिरकतात म्हणून गुरूच्या घरातच पडलेलं टोपणनाव. पुढे रामपूरचा दरबार, मग लखनौचं भातखंडे संगीत महाविद्यालय, १९७० साली पद्मभूषण आणि १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौतच निधन. सगळं खरं. पण तालीम आणि रामपूर यांच्यामध्ये जी वर्षं आहेत, ती बहुतेक जण एका वाक्यात उरकतात : काही काळ बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत होते. ही लेखमाला दुसऱ्याचं गाणं तोलून धरणाऱ्यांची आहे, त्यामुळे आपण नेमके त्याच वाक्यापाशी थांबणार आहोत.

आपल्या सांगली भागाचं त्या वाक्याशी जवळचं नातं आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते सांगलीत. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. (सातारकरांनी लगेच हायवेवरचं आपलं नागठाणे पुढे करू नये. हे कृष्णाकाठचं, वेगळं.) किर्लोस्कर मंडळीत शकुंतला होऊन ते पहिल्यांदा उभे राहिले ते १९०५ साली, मिरजेत. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे शब्द सांगलीचे, गळा नागठाण्याचा, आणि त्याखालचा ठेका मात्र थेट मुरादाबादहून आलेला.

तो तिकडून का आणावा लागला? इथे तबलजी काय कमी होते? उत्तर पदांच्या चालीत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळातलं नाट्यपद साकी, दिंडी, लावणीची चाल, कीर्तनातला ढंग अशा ओळखीच्या वाटांनी जायचं. पद छोटं, कथा पुढे नेणारं. त्याला साथ करायला इथलाच कीर्तनातला किंवा भजनातला वादक पुरेसा होता. १९११ च्या ‘मानापमाना’त टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी अस्सल रागदारी आणली, आणि नाटकाचं रूपच पालटलं. पद आता ख्यालासारखं फुलू लागलं. ठुमरी-दादऱ्याच्या अंगाने जाणाऱ्या पदात शेवटी लय चढवून तबल्याने लग्गी धरायची असते. लग्गी म्हणजे छोट्याशा बोलाची सतत घुमणारी, लडिवाळ वेलबुट्टी. ती पूरबेच्या हाताला जशी साधते तशी शिकवून लवकर येत नाही. रागदारीच्या पदाला उलट गोष्ट हवी असते. तिथे तबल्याने अंग चोरून भरीव ठेका द्यायचा, गायकाला समेपर्यंत बिनघोर फिरू द्यायचं. एकाच रात्री, एकाच माणसाकडून ही दोन्ही कामं हवी असतील तर ज्याला दोन्ही बाज येतात असा उस्तादच लागतो. बालगंधर्वांनी तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष असे मातब्बर पदरी ठेवले. त्याला लोक शौक म्हणतात, उधळपट्टीही म्हणतात. कंपनीच्या कर्जाच्या डोंगराचा इतिहास पाहिला तर उधळपट्टी हा शब्द अगदीच चुकीचा नाही. पण हा खर्च पडद्यांवरच्या आणि अत्तरांवरच्या खर्चाच्या रांगेत बसवू नये. तो कलेची गरज होता.

आता रंगमंचासमोर वादक बसतात त्या जागी जाऊन काय चाललंय ते पाहू. माइक नाही. नाट्यगृह भरलेलं, नाटक रात्रभर चालणारं. गायक मैफलीतल्यासारखा मांडी घालून समोर बसलेला नाही. तो नऊवारीत आहे, चालतो आहे, वळतो आहे, अभिनय करतो आहे, मधेच पाठ फिरवतो आहे. गद्य संवादाच्या शेवटच्या शब्दावरून तो पदात शिरतो, आणि कोणत्या क्षणी शिरेल ते तालमीत ठरलेलं असलं तरी रंगलेल्या रात्री ते तसंच घडेल याची शाश्वती नाही. तबलजीचे डोळे म्हणून नटाच्या खांद्यावर आणि पावलांवर. सम आली की गायक धृपदाची ओळ उचलणार, त्याआधीच्या एक-दोन मात्रांत छोटासा मुखडा टाकून ती ओळ उजळायची. पण तो मुखडा इतका लांबवायचा नाही की टाळी गाण्याऐवजी तबल्याला पडेल. पद संपलं की वन्स मोअर. तोच मुखडा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बालगंधर्व दर वेळी थोडं निराळं गात, तेव्हा साथीलाही तेच परत वाजवून भागत नसे.

बालगंधर्वांचं लयीचं अंग जाणकार फार वाखाणतात. शब्द लयीत इतका मुरलेला की बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळू नये. अशा गायकाची साथ वरून सोपी वाटते, असते मात्र फार अवघड. लयीला कच्च्या गायकाबरोबर तबलजीला निदान काहीतरी सावरायचं काम असतं. इथे सावरायला काहीच नाही. मग काय करायचं? ठेका नुसता अचूक नाही, जिवंत ठेवायचा. त्रितालाच्या सोळा मात्रा शाळकरी पोरही बोटांवर मोजतं. पण ‘धा’ किती वेळ घुमू द्यायचा, नवव्या मात्रेनंतर डग्गा मिटल्यावर जी पोकळी होते ती किती राखायची, आणि तेराव्यानंतर तो पुन्हा कसा उघडायचा, यात सगळा फरक आहे. आपल्याकडे म्हणतात, ठेक्याला आस पाहिजे. ही आस डग्ग्याच्या मनगटाशी असते. आणि थिरकवांचा डग्गा म्हणजे, आज मिळतात त्या एकल वादनाच्या ध्वनिमुद्रणांवरून सांगतो, बोलणारा डग्गा. शब्दाला जसा हेल असतो तसा त्याला हेल आहे.

इथे थोडं बाहेर डोकावू. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या स्टुडिओंमध्ये १९६० च्या दशकात हॅल ब्लेन नावाचा ड्रमर दुसऱ्यांच्या गाण्यांना वाजवायचा. ‘बी माय बेबी’ हे १९६३ चं गाणं रॉनेट्स या गायिकांच्या नावावर आहे, पण त्याच्या सुरुवातीचे ड्रमचे ठोके जगभरच्या ड्रमर मंडळींना तोंडपाठ आहेत आणि ते ब्लेनचे. तबकडीच्या वेष्टनावर अशा माणसाचं नाव बहुधा नसायचं. समोर ठेवलेलं गाणं पाच-दहा मिनिटांत ओळखायचं, त्याला काय हवंय ते ताडायचं, आपली हुशारी खिशात ठेवायची. सेशन ड्रमरचा धंदा असा असतो. नाटकातला तबलजी या जातीचाच, फक्त त्याला ‘पुन्हा घेऊ’ म्हणायची सोय नाही. चूक झाली तर ती पिटातल्या शेवटच्या माणसाच्या कानी पोचलेली असते.

थिरकवांच्या बाबतीत मला कौतुक वाटतं ते इथे. त्यांच्याजवळ खिशात ठेवण्यासारखी हुशारी अफाट होती. गुरू मुनीर खाँ यांनी अनेक उस्तादांकडून बंदिशी गोळा केलेल्या, त्यामुळे शिष्याला एकाच घरी चार घरांचं भांडार मिळालं. दिल्ली बाजात दोन बोटांनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर वाजवायचं, नाद आखूड आणि स्वच्छ. पूरब बाजात पंजा मोकळा, लवेवर, म्हणजे काठ आणि शाई यांच्यामधल्या पट्टीवर भर, नाद पसरट. हाजी विलायत अलींच्या फर्रुखाबाद घराण्यात या दोहोंची सोयरीक, शिवाय गतींचा साठा. पुष्कळ वादक ही सगळी भाषा शिकतात, पण बोलताना एकाच हेलात बोलतात. थिरकवा दिल्लीचा कायदा दिल्लीच्या हाताने वाजवत आणि पूरबेची गत पूरबेच्या हाताने. ‘धिरधिर’ वाजवताना तळव्याची दोन अंगं शाईवर अशी आलटून-पालटून येतात की अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येतं, वेग कितीही असो. आणि चेहरा? वाजवताना जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय अशा शांतपणे बसलेले. पेशकार, म्हणजे एकल वादनाची संथ सुरुवात, मांडताना तर घाई नावालाही नाही.

असं भांडार जवळ असलेला माणूस वर्षानुवर्षं रात्रीच्या रात्री ठेका देत बसला, हे पाहून काही तबलाप्रेमी हळहळतात. त्यांच्या मते ती वर्षं वाया गेली. मला हे पटत नाही. त्यांच्या एकल वादनात मोकळी जागा जितकी ऐकू येते तितकी त्यांच्या बरोबरीच्या फार थोड्यांत येते. बोल टाकून ते थांबतात, पुढचा टाकण्याआधी ऐकणाऱ्याला श्वास घेऊ देतात. ही सवय एकट्याने रियाज करून लागत नाही, ती गाणाऱ्या माणसाशेजारी बसून लागते. नाटकाची वर्षं त्यांच्या सोलोत मुरली आहेत असं माझं मत आहे. ते सिद्ध करता येणार नाही हे मान्य, पण पेशकार ऐकून पाहा आणि सांगा.

आपल्याकडच्या तबल्याच्या वर्गांत परीक्षेचा हंगाम आला की पोरं रेल्याची चौपट करून दाखवण्याच्या मागे लागतात. पालकही व्हिडिओ काढतात तो रेल्याचाच. विलंबित एकताल पंधरा मिनिटं एकसारखा धरून दाखव म्हटलं तर निम्म्यांची लय बाराव्या आवर्तनाआधीच पुढे पळालेली असते. परीक्षकांनी साथीला जास्त गुण ठेवले तर पुष्कळ सुधारेल, असं आपलं मला वाटतं.

एक अडचण उरते. ज्या साथीचं एवढं सांगतोय ती धड ऐकायची कुठे? नाट्यगृहातल्या त्या रात्री कुणी मुद्रित केल्या नाहीत. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणजे नाटकात अर्धा तास रंगणाऱ्या पदाचा सांगाडा. शिवाय १९२५ च्या आधी विजेवरचं ध्वनिमुद्रण नव्हतं. गायक कर्ण्यासमोर तोंड करून गायचा आणि तालवाद्याला मागे सारलं जायचं, कारण जोरकस ठोक्याने मेणावरची सुई उडायची भीती. म्हणून जुन्या तबकड्यांत तबला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. तो वादकाचा दोष नव्हे. पुढे विजेचा मायक्रोफोन आला, पण आकाशवाणी आणि लाँग प्ले तबकड्या रुळल्या तेव्हा थिरकवा नाटक सोडून गेलेले होते. त्यामुळे आज आपल्याकडे आहेत ते उतारवयातले थिरकवा, लेहऱ्याच्या सुरावटीबरोबर एकटे.

नाटक सोडण्याचं कारण एका माणसाच्या मर्जीत नव्हतं. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, पडदे, दागिने, पगारी वादक असा पसारा असलेल्या मंडळ्यांना चार-सहा आण्यांच्या तिकिटाशी सामना झेपेना. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ झाले. १९३६ मध्ये थिरकवा रामपूरच्या नबाबाकडे गेले. नाटक मंडळी हाच महाराष्ट्रातल्या वादकांचा दरबार होता, महिन्याचा पगार देणारा. तो उठल्यावर ज्याला खरा दरबार मिळाला तो तिकडे गेला, बाकीच्यांनी सिनेमाच्या स्टुडिओचा रस्ता धरला.

जाताना मात्र ते इथे पुष्कळ ठेवून गेले. लालजी गोखले हे त्यांचे शिष्य. नट चंद्रकांत गोखले, ज्यांचा जन्म १९२१ साली मिरजेतला, त्यांचे हे बंधू. आई कमलाबाई गोखले म्हणजे १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मधून पडद्यावर आलेल्या, भारतातल्या पहिल्या चित्रपट अभिनेत्रींपैकी एक. दुसरे बंधू सूर्यकांत हेही तबलावादक. नाटकवाल्यांच्या या घरात तबला दोघांच्या हाती गेला यात मला तरी नवल वाटत नाही. ठाण्याचे भाई गायतोंडे आणि मुंबईचे निखिल घोष यांनीही थिरकवांची तालीम घेतली. मुनीर खाँ यांचे भाचे अमीर हुसेन खाँ यांनी मुंबईत तर तबलजींची पिढीच घडवली. त्यांच्या शागीर्दांत गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर होते. नागेशकरांकडे तबल्याचे धडे घेतलेला एक पोरगा पुढे शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदात ढोलक घेऊन बसला आणि त्याचा ठेका त्याच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. दत्ताराम वाडकर. पुढच्या आठवड्यात त्यांचा ‘दत्तू ठेका’ मात्रा-मात्रा सोडवून पाहू. त्याआधी जमलं तर १९५८ च्या ‘परवरिश’ची गाणी ऐकून ठेवा. संगीत त्यांचंच आहे.