साथ आली कुठून? उंटाकडून एक धडा



घरात चार माणसे जमली की हा वाद अजूनही रंगतो : कोरोना वुहानच्या बाजारातून आला की प्रयोगशाळेतून? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५मध्ये अहवाल दिला. हाती असलेला पुरावा विषाणू प्राण्यांतून माणसात आल्याकडे झुकतो, पण चीनने मागितलेली सगळी माहिती दिली नाही. त्यामुळे दुसरी शक्यताही खोडता येत नाही.

असा शोध किती अवघड असतो, हे मर्सच्या गोष्टीवरून कळते. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे दुबई-अबुधाबीत असतात, म्हणून ती उपयोगाचीही आहे.

मर्सचा विषाणू कोरोनाच्याच कुळातला. २०१२मध्ये सौदी अरेबियात जेद्दा येथे एका रुग्णात तो प्रथम सापडला. आधी संशय वटवाघळांवर गेला, कारण त्यांच्यात याचे भाऊबंद विषाणू सापडतात. मग उंटांचे रक्त तपासले गेले. संयुक्त अरब अमिरातीतील उंटांचे २००३मधले जपून ठेवलेले नमुने आणि २०१३मधले नवे, मिळून ६५१ नमुने. त्यांपैकी ६३२ नमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. जुन्या नमुन्यांतही ती होती. म्हणजे माणसात आजार ओळखला जाण्याच्या निदान नऊ वर्षे आधीपासून तो उंटांत फिरत होता! उंटाला फार तर सर्दी होते. माणसांत मात्र नोंद झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ३५ दगावले.

तरी कोडे पुरते सुटले नाही. जुलै २०२३मध्ये अमिरातीतल्या अल ऐन येथे २८ वर्षांच्या एका तरुणाला मर्स झाल्याचे जाहीर झाले. त्याचा उंटांशी संबंध आढळला नाही. संपर्कातले १०८ जण तपासले, एकालाही लागण नव्हती.

उगम कळला नाही की लोक दोषी शोधू लागतात. १३४८च्या सुमारास युरोपात प्लेग पसरला, तेव्हा विहिरींत विष कालवल्याचा आळ यहुद्यांवर आला आणि वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या. प्लेगचा जंतू सापडला १८९४मध्ये! म्हणून वाद जरूर घालावा, पण पुरावा येईपर्यंत कुणावर बोट ठेवू नये.

उगमाचा निकाल लागो न लागो, काळजी आजच घेता येते. अमिरातीत मर्स विरळ आहे. पण वय झालेल्यांना आणि मधुमेह, मूत्रपिंड किंवा फुफ्फुसाचा विकार असलेल्यांना तो जड जातो. त्यांनी वाळवंटाच्या सहलीत उंट लांबूनच पाहावा. नातवंडांनी उंटाला हात लावला तर साबणाने हात धुवायला लावा. उंटाचे दूध आपल्याला कोशेर नाहीच, पण कच्चे दूध कुणीच पिऊ नये.

परतल्यावर १४ दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर कुठून आलो, उंटाजवळ गेलो होतो का, हे डॉक्टरांना न विचारताच सांगा. २०१५मध्ये आखातातून दक्षिण कोरियात परतलेल्या एका प्रवाशाचे निदान व्हायला उशीर झाला. १८६ जणांना लागण झाली, ३८ दगावले. वेळेवर सांगितलेली एवढीशी गोष्ट घरच्यांना आणि दवाखान्यातल्या इतरांनाही वाचवते.