अथाल : नदी, रस्ता आणि माणसे

सिल्वासाहून नरोलीस जाणाऱ्या रस्त्यावर दमणगंगेचा पूल लागतो. त्या पुलाच्या परिसरात अथाल वसले आहे. मोटारीतून जाणाऱ्यास ते गाव म्हणून फारसे जाणवत नाही. कारखान्यांची फाटके आणि मालमोटारी तेवढ्या दिसतात. पुढे नरोली, तेथून भिलाडचे स्टेशन व मुंबई-अहमदाबाद हमरस्ता. दुसऱ्या अंगाने सिल्वासावरून वापी गाठता येते. नगर हवेलीत आगगाडी कोठेच नाही. ती धरावयाची तर हद्द ओलांडावीच लागते.

ह्या मुलखाचे सारे भांडणच मुळी वाटेचे होते. १७७९च्या तहान्वये पेशव्यांनी बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख पोर्तुगिजांस देऊ केला, आणि १७८३ व १७८५ साली नगर हवेली व दादरा त्यांच्याकडे गेली. पण दमण आणि हवेली ह्यांच्यामधली जमीन त्यांची नव्हती. १९५४ साली २२ जुलैस दादरा, २८ जुलैस नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात मागितले तेही वाटेचा हक्क. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल ह्यांना वाट होती, सैन्य व शस्त्रे ह्यांना नव्हती, आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही. पुढच्याच वर्षी हा मुलूख भारतात विलीन झाला. २०२० पासून दमण व हवेली एकाच केंद्रशासित प्रदेशात आहेत, तरी मधला रस्ता अजून गुजरातचाच!

आता माणसांचा हिशोब पाहू. १९६१च्या खानेसुमारीत दादरा व नगर हवेलीची वस्ती ५७,९६३ होती. २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. ही वाढ घरच्या पाळण्यांनी झालेली नाही. १९७१ साली येथे दर हजार पुरुषांमागे १,००७ स्त्रिया होत्या, २०११ साली अवघ्या ७७४. ह्या दोन आकड्यांत सर्व कथा आली. करसवलतींमुळे कारखाने आले, हमरस्ता जवळ म्हणून ते टिकले, आणि त्यांच्या मागोमाग दूरदूरच्या प्रांतांतून एकटे पुरुष आले. बायकामुले गावी राहिली. मूळचे वारली, धोडिया, कोकणा एकेकाळी बहुसंख्य होते. २०११ साली आदिवासींचे प्रमाण निम्म्याच्या थोडेसे वर उरले होते.

अथालसारख्या गावाची अडचण येथेच आहे, असे आम्हांस वाटते. खोलीत राहणारा कामगार पाणी येथले पितो, रस्ता येथला वापरतो, आजारी पडला तर दवाखान्यात येथेच जातो. मत मात्र पुष्कळदा त्याच्या गावच्या यादीत असते. अशा माणसाची बाजू मांडणार कोण? शिवाय २०२१ साली व्हावयाची खानेसुमारी लांबणीवर पडली. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती जणांना धान्य द्यावयाचे, हे २०११च्या आकड्यांवर ठरले. त्यानंतर आलेला माणूस त्या हिशोबात बसत नाही, आणि त्याच्या गर्दीचा भार मूळ रहिवाशावरही पडतो.

नदीचेही विसरता कामा नये. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात उगम पावून दमणजवळ समुद्रास मिळते. वर मधुबनचे धरण आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की खालच्या गावांची नजर पात्राकडे लागते. ह्याच नदीवरचा दमणचा पूल २८ ऑगस्ट २००३ रोजी कोसळून शाळकरी मुले बुडाली. त्यामुळे पूल म्हटला की नुसती सोय आमच्या डोळ्यांपुढे येत नाही. पुलाची तपासणी वेळच्या वेळी झाली की नाही, हे गावकऱ्यांनी विचारीत राहिले पाहिजे.

मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचा मार्ग ५०८ किलोमीटरचा आखला आहे. त्यांपैकी सुमारे ४ किलोमीटर ह्या मुलखातून जातात. स्टेशन मात्र वापीला.