शालूचा खरा रंग कोणता?

टीव्हीच्या मोठ्या दुकानात एका भिंतीवर वीस-पंचवीस संच ओळीने मांडलेले असतात आणि सगळ्यांवर एकच कार्यक्रम चालू असतो. निवेदिका एक, तिची साडी एक. पण या संचावर ती साडी डाळिंबी, शेजारच्यावर राणी रंगाची, तर खालच्या ओळीत चक्क विटकरी. गिऱ्हाईक जरा चक्रावते, ज्यावर चेहरा सर्वांत टवटवीत दिसतो तो संच घेते आणि घरी जाते. घरी संच एकच. तुलनेला शेजारी कुणी नसल्यामुळे त्यावर दिसेल तोच खरा रंग ठरतो.

टीव्हीच्या बाबतीत हे चालून जाते. पण तसाच पडदा छायाचित्रकाराच्या टेबलावर असेल आणि त्याकडे बघून तो कुणाच्या लग्नाचे फोटो ‘सुधारत’ बसला असेल, तर मामला निराळा होतो. समजा, त्याचा मॉनिटर थोडा पिवळट आहे. नवरीचा चेहरा पिवळा दिसतो म्हणून तो पिवळेपणा कमी करतो. पडद्यावर आता सारे ठाकठीक! प्रत्यक्षात फोटो मुळातच बरोबर होता. त्यातला हवा असलेला पिवळा या गृहस्थाने काढून टाकला. पडद्याचा दोष उलटा होऊन फोटोत उतरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. अल्बम छापून येतो तेव्हा नवरी निळसर, आजारी दिसते आणि बोलणी बसतात ती बिचाऱ्या लॅबवाल्याला.

‘पण आम्हाला डोळे आहेत की!’ असे कुणी म्हणेल. अडचण तिथेच आहे. पांढरा कागद दुपारच्या उन्हात आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली आपल्याला पांढराच दिसतो, कारण मेंदू उजेडाचा रंग परस्पर वजा करून टाकतो. जगण्यासाठी ही सोय उत्तम. रंग मोजण्यासाठी मात्र ती निरुपयोगी आहे. पिवळट पडद्यासमोर थोडा वेळ बसले की तोच पांढरा वाटू लागतो. फेब्रुवारी २०१५मध्ये स्कॉटलंडमधल्या एका लग्नासाठी घेतलेल्या पोशाखाचा फोटो जगभर फिरला. तो पोशाख होता निळा-काळा. पण एकाच पडद्यासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाला तो निळा-काळा दिसे, तर दुसऱ्याला पांढरा-सोनेरी, आणि दोघेही शपथेवर सांगायला तयार!

म्हणून रंग आकड्यांत मांडावा लागतो. प्रकाश आणि रंग यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ साली ही पद्धत ठरवली. त्यामागे इंग्लंडमध्ये झालेले प्रयोग होते : तीन रंगांचे प्रकाश मिसळून माणसाला दिलेल्या रंगाशी जुळणी करायला लावायची आणि मिश्रणाचे प्रमाण टिपायचे. आपल्याकडेही याचे एक ठसठशीत उदाहरण आहे. राष्ट्रध्वजाच्या भारतीय मानकात केशरी म्हणजे नेमका कोणता, हे याच पद्धतीच्या आकड्यांनी सांगितले आहे. नुसते ‘केशरी’ म्हटले असते तर प्रत्येक रंगाऱ्याने आपापला केशरी वापरला असता.

संगणकाच्या दुनियेत ही शिस्त बरीच उशिरा आली. १९९३मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन रंगांच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवायला एक संस्था काढली. १९९६मध्ये ‘एसआरजीबी’ हे प्रमाण पुढे आले. आजही बहुतेक फोटो त्याच कुंपणात राहतात. (हिरव्या-निळ्यामधल्या काही गडद छटा या कुंपणाबाहेर पडतात. पैठणीचा मोरपंखी पडद्यावर कधीकधी मिळमिळीत का वाटतो, याचे एक कारण हेही.)

मॉनिटर या प्रमाणावर आणण्याचे काम साधे आहे. मुठीत मावेल असे एक मापक यंत्र मिळते; ते पडद्यावर टेकवून लटकवायचे. मॉनिटर आधी अर्धा तास चालू ठेवायचा, म्हणजे त्याचा उजेड स्थिरावतो. मग संगणक एकामागून एक ठरलेले रंग दाखवतो आणि यंत्र प्रत्यक्षात काय दिसले ते मोजते. पांढरा साधारण दिवसाच्या उजेडासारखा, म्हणजे ६५०० केल्व्हिनच्या आसपास आणला जातो, करड्याच्या पायऱ्या सारख्या केल्या जातात आणि उरलेल्या खोडीची नोंद एका फाइलमध्ये होते. या पडद्याला लाल सांगितला की तो किती नारिंगी दाखवतो, याचा तो दाखलाच म्हणा ना. फोटोचे काम करणारी सॉफ्टवेअर तो वाचतात आणि तेवढी दुरुस्ती करूनच रंग पडद्यावर धाडतात. पडदा वापराने म्हातारा होतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी हे पुन्हा करायचे. हजारो रुपयांचे यंत्र घरगुती हौसेला महाग वाटेल. पण लेन्सवर लाख घालवणारे व्यावसायिक इथे हात आखडतात, हे मात्र नवलच.

यंत्र नसले तरी एक गोष्ट फुकट करता येते : उजेड कमी करणे. नवा मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून प्रखर ठेवलेला असतो. छपाईसाठी काम करताना ८० ते १२० कँडेला एवढाच उजेड पुरतो. पडदा त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रखर असेल तर माणूस नकळत फोटो गडद करत जातो. ‘प्रिंट काळे आले’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच सापडते. रात्री पडदा पिवळा करणारी सोय काम करताना बंद ठेवावी आणि खिडकीतले ऊन थेट पडद्यावर येऊ देऊ नये.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो चेहऱ्यांना, त्यातही सावळ्या चेहऱ्यांना. फोटो जरा गडद झाला की सावळ्या गालावरची उजेड-सावली पुसली जाते. उजळवला की माणूस पिठात लोळल्यासारखा दिसतो. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना रंगजुळणीसाठी एका गोऱ्या तरुणीचे छायाचित्र पाठवत असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ते प्रसिद्ध होते. तिचा चेहरा नीट आला की यंत्र लागले, असा हिशेब. जगातल्या बाकीच्या कातड्यांचा त्यात विचारच नव्हता. उलट १९७६च्या मॅकबेथ रंगतक्त्यातल्या २४ चौकटींत पहिली सावळ्या त्वचेची आहे आणि दुसरी उजळ त्वचेची. आपल्याकडे नवरीला मुद्दाम गोरी करून देतात तो आजार वेगळा; त्यावर मापक यंत्राचा इलाज नाही.

आता रास्त प्रश्न असा की, अखेर सगळे जण फोटो आपापल्या मोबाइलवर बघणार आणि प्रत्येकाचा रंग निराळा, मग हा खटाटोप कशाला? कारण फोटो मुळात बरोबर असेल तर कुणाकडे तो किंचित तांबूस, कुणाकडे किंचित निळसर दिसेल. चूक तेवढीच राहील. मुळातच तांबूस असेल तर तांबूस मोबाइलवर तो दुप्पट तांबूस होईल. शिवाय आजचे मोबाइल उद्या मोडीत निघतील. फाइल मात्र राहणार आहे.

घरातले जुने अल्बम स्कॅन करताना ही गोष्ट जास्तच ध्यानात ठेवावी लागते. १९७०च्या दशकातले कितीतरी रंगीत फोटो आता तांबूस झाले आहेत, कारण अल्बमच्या अंधारातसुद्धा त्यांतले निळसर रंगद्रव्य आधी विरत गेले. ते सुधारायचा मोह होतो. पण पहिला, न सुधारलेला स्कॅन वेगळा जपून ठेवावा आणि सुधारणा त्याच्या प्रतीवरच करावी. लग्नातला शालू कपाटात असेल तर तो काढून खिडकीपाशी, थेट ऊन न लागता, दिवसाच्या उजेडात पाहावा. घडीच्या आतला भाग बघावा, कारण बाहेरचा विटलेला असतो. आणि तो चिंतामणी होता की मोरपंखी, हे ज्यांच्या अंगावर तो होता त्या आजींना आजच विचारून फोटोसोबत लिहून ठेवावे.