शिरपामाळावरची रेघ
(लेखमाला : उभं राहायची जागा, भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानात उभे होतो. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची माळ कॅमेऱ्यात कशी उतरवायची, ते पाहिलं. त्यावर मोखाड्याच्या एका शिक्षकांनी विचारलं, ‘आमच्याकडे ना उंच इमारती, ना समुद्र. आम्ही कशाचा फोटो काढायचा?’ प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून या भागात मोखाड्याशेजारच्या जव्हारला जाऊ.

शहराचं लांबून चित्र घेताना आपण मुख्यतः एक रेघ टिपत असतो. आभाळ संपून खालचं जग सुरू होतं, ती रेघ. मुंबईत ती माणसांनी बांधली. १८७८ साली राजाबाई टॉवर पुरा झाला आणि त्या २८० फुटी मनोऱ्याने फोर्टची रेघच बदलून टाकली. आता परळ-वरळीचे टॉवर ती रोज नव्याने आखतात. जव्हार-मोखाड्यात ती डोंगरांनी आखली आहे. ती हलत नाही. हलतो तो तिच्यावरचा उजेड. फोटो शिकायला मला मुंबईपेक्षा ही जागा चांगली वाटते, कारण इथे सगळं लक्ष उजेडावर राहतं.

शिरपामाळ जव्हार गावाच्या जवळच आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्या वाटेवर त्यांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे त्यांना सामोरे आले आणि त्यांनी महाराजांच्या मस्तकी शिरपेच चढवला, असं जव्हारात सांगतात. शिरपेचावरून शिरपामाळ. आज तिथे स्मारक आहे. लोक स्मारकापाशी फोटो काढतात आणि परततात. माझं सांगणं एवढंच, की स्मारकाकडे पाठ करून थोडा वेळ उभे राहा. मोकळा माळ आणि पुढे खोल दऱ्या. छावणीला हवी असते लांबवरची नजर, आणि कॅमेऱ्यालाही तीच हवी असते.

मी पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यात, भर दुपारी. सगळे फोटो राखाडी आले. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, त्यामुळे दूरचा डोंगर जवळच्यापेक्षा निळसर आणि फिका दिसतो. त्यात धूळ आणि धूर मिसळले की निळेपणाही जातो, उरतो तो पांढुरका पडदा. उन्हाळ्यात या भागात शेतकरी राब भाजतात. नागली, वरई आणि भाताचं रोप जिथे टाकायचं, तिथे पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून जमीन भाजायची. त्याचा धूर सकाळी दरीत साचून राहतो. दुपारी तो वर पसरतो आणि चित्र पुसून टाकतो. मात्र सूर्य नुकताच वर येत असताना, डोंगर तुमच्या आणि सूर्याच्या मधे असतील, तर हाच धूर एकेक रांग दुसरीपासून वेगळी करतो. पहिली गडद, मागची फिकी, त्यामागची आणखी फिकी. दुसऱ्या खेपेला मी पहाटे गेलो आणि अशा पाच रांगा मोजल्या. दुपारी त्यांची एकच झाली होती.

स्वच्छ हवा हवी असेल तर पाऊस सरल्यावर, नवरात्राच्या सुमारास या. तेव्हा जव्हारच्या हनुमान पॉइंटवरून दक्षिणेला शहापूरचा माहुली किल्ला दिसू शकतो. सरळ रेषेत तो पन्नासेक किलोमीटरवर आहे. माहुलीचे सुळके, वजीर, नवरा, नवरी, हे इथलं खरं ‘डाउनटाउन’. मनोऱ्यांसारखेच उभे, फक्त लाव्ह्याचे. इथे लांब पल्ल्याची लेन्स लागते. लेन्स डोंगर जवळ आणते असं म्हणतात, ते पुरतं खरं नाही. मागचा आणि पुढचा डोंगर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात ते तुम्ही दोघांपासूनही लांब असल्यामुळे. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते. म्हणून रचना जमत नसेल तर झूम फिरवण्याआधी दहा पावलं बाजूला सरका.

याच पॉइंटवरून जय विलास राजवाडाही दिसतो. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातली ही वास्तू. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजवाड्याचा फोटो समोरून सगळेच काढतात. झाडीतून वर आलेले त्याचे घुमट लांबून घ्या. गावाच्या रेघेत माणसाने घातलेली भर तिथे नीट कळते.

संध्याकाळी सनसेट पॉइंटवर गर्दी असते. तिथली दरी धनुष्यासारखी वाकलेली, म्हणून जुनं नाव धनुकमाळ. पश्चिमेला, हवा निवळ असली तर, डहाणूजवळच्या महालक्ष्मीचा सुळका वर आलेला दिसतो. या एका टोकामुळे सगळ्या क्षितिजाला माप मिळतं. सूर्य मात्र रोज एकाच जागी मावळत नाही. डिसेंबरात तो नैर्ऋत्येकडे सरकतो, जूनमध्ये वायव्येकडे. इथे हा पल्ला सुमारे ५० अंशांचा आहे. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण १० अंश झाकते. सुळक्यापासून आज सूर्य किती मुठी दूर बुडाला ते वहीत लिहून ठेवा. तो सुळक्यामागे नेमका कधी जाईल, ते दोनचार खेपांत तुमचं तुम्हालाच कळेल.

मोबाइलवर घेत असाल तर मावळतीच्या उजळ आभाळावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा खाली ओढा. डोंगर काळे होतील, होऊ द्या. रेघ तेव्हाच धारदार येते.

सूर्य बुडाला की लोक उठतात. तुम्ही बसून राहा आणि पूर्वेकडे वळा. तिकडे क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा वर चढू लागतो आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी छटा असते. तो निळा पट्टा म्हणजे आपल्याच पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. मुंबईत इमारती ती झाकतात. उघड्या माळावरून ती सगळी दिसते. मग काही मिनिटं अशी येतात, की गावातल्या दिव्यांचा आणि आभाळाचा उजेड जवळपास सारखा होतो. मरीन ड्राइव्हला आपण याच वेळेची वाट पाहिली होती. तिपाई घट्ट रोवा, आयएसओ १००, छिद्र एफ ८, आणि शटर दोन सेकंदांपासून सुरू करून वाढवत न्या. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर हाताचा धक्का चित्रात उतरतो.

समुद्र नसला तरी चित्रात पाणी हवंच असेल, तर दाभोसा आहे, लेंडी नदीचा धबधबा. पावसाळ्यात कडा निसरडा असतो, दुरूनच घ्या.

मोखाड्याच्या गुरुजींना आणखी एक सुचवावंसं वाटतं. शाळेतल्या मुलांना हीच जागा वारली पद्धतीने काढायला सांगा. त्या चित्रात क्षितिज क्वचितच येतं. डोंगर, घर, तारपा वाजवणारा, सगळे एकाच पातळीवर, सगळे सारख्या महत्त्वाचे. मग त्याच मुलांना मोबाइल देऊन माळावर न्या आणि दोन्ही चित्रं वर्गात शेजारी लावा. फोटोने काय वगळलं, ते मुलंच दाखवून देतील.

पुढच्या आठवड्यात नाशिकला, रामकुंडावर भेटू. पहाटे पाचला.