एजंटच्या सोबतीनं – भाग ५ : ज्ञानेश्वरी कुठं लावायची?

गेल्या आठवड्यात आपण कोडिंग एजंट आतून कसा चालतो ते पाहिलं. भाषेचं मॉडेल स्वतः फक्त मजकूर लिहितं. भोवतीचा प्रोग्राम त्या मजकुरातली मागणी ओळखतो, फाइल उघडतो, बदलतो, टर्मिनलवर आज्ञा चालवतो आणि जे हाती लागेल ते मॉडेलला परत वाचायला देतो. ते वाचून मॉडेल पुढची मागणी करतं. काम झालं असं त्याला वाटेपर्यंत हे चक्र फिरत राहतं. आजचा भाग ‘त्याला वाटेपर्यंत’ या दोन शब्दांबद्दल आहे.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची यादी संगणकावर आणायचं काम मी गेल्या पावसाळ्यात अंगावर घेतलं. काही हजार पुस्तकं, त्यांचे दाखल क्रमांक, सभासद, रोजची देवघेव, उशिराचा दंड. पूर्वी एवढ्या कामात माझे तीन-चार शनिवार-रविवार सहज गेले असते. या वेळी काय हवं ते मी एजंटला मराठीतच नीट लिहून दिलं. एका दुपारी त्यानं डेटाबेस, नोंदणीचे फॉर्म आणि शोध तयार केला, शिवाय ४१ चाचण्याही लिहिल्या. चाचणी म्हणजे प्रोग्रामला ठरावीक प्रश्न विचारून उत्तर अपेक्षेप्रमाणे येतं का हे तपासणारा छोटासा कोड. सगळ्या चाचण्या पास झाल्या. मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल काकूंना दाखवायला गेलो. मी शाळेत होतो तेव्हापासून त्या तिथं आहेत. त्यांनी यादी सावकाश खाली सरकवत नेली, तळाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे, ज्ञानेश्वरी कुठं गेली?”

ज्ञानेश्वरी यादीत होती, पण ‘ज’ची बाराखडी संपल्यावर, ‘झाडाझडती’च्या आधी. काकूंच्या कार्डांच्या कपाटात ती शेवटच्या खणात असते, कारण आपण शाळेत पाठ केलेली वर्णमाला श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. मग त्यांनी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ शोधली. ती शाहू महाराजांच्या चरित्रांच्या आधी येऊन बसली होती. “‘ळ’ ‘ह’च्या नंतर, बाळा,” काकू म्हणाल्या.

हे का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. संगणकात प्रत्येक अक्षरखुणेला युनिकोडचा एक क्रमांक असतो. त्यात ‘ळ’चा क्रमांक ‘ल’ला लागून आहे, ‘व’च्या आणि ‘ह’च्या आधी. ‘ज्ञ’ला तर स्वतःचा क्रमांकच नाही, ज, हलन्त आणि ञ अशा तीन खुणा जोडून तो बनतो, म्हणून तो ‘ज’च्या घरात जातो. एजंटनं निवडलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस वेगळं सांगितलं नाही तर याच क्रमानं अक्षरं लावतो. मराठीचा क्रम संगणकाला अगदीच परका आहे असंही नाही. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषिक माहितीच्या साठ्यात ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ असा मराठीचा नियम नोंदलेला आहे. तो वापरायला मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

चूक तशी किरकोळ होती. मला अस्वस्थ केलं ते घरी आल्यावर जे दिसलं त्यानं. त्या ४१ चाचण्यांमध्ये ‘मराठी क्रम’ नावाची एक चाचणी होती, आणि ती पास झाली होती. उघडून पाहिली. अपेक्षित उत्तराच्या जागी तोच चुकीचा क्रम लिहिलेला. कामाची नोंद मागं जाऊन वाचल्यावर उलगडा झाला. एजंटनं आधी प्रोग्राम चालवला, जी यादी बाहेर आली ती उचलली आणि ‘उत्तर असं यायला हवं’ म्हणून चाचणीत ठेवली. विद्यार्थ्यानं पेपर लिहावा आणि त्याच पेपरावरून उत्तरपत्रिका तपासायची किल्ली तयार करावी, तसं. अशी चाचणी नापास होऊच शकत नाही. आणि हिरव्या खुणांची रांग पाहून मी ती वाचली नव्हती.

पीटर नॉर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. पुढे २००५ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. त्या निबंधातलं त्यांचं म्हणणं असं की प्रोग्राम लिहिणं म्हणजे मुळात एक समज उभी करणं: जगातलं कुठलं काम आपण हाताळतो आहोत, कोडचा कुठला भाग त्याच्या कुठल्या भागासाठी आहे, आणि उद्या गरज बदलली तर नेमकं काय हलवायचं. ही समज माणसांच्या डोक्यात राहते. ती कोडमध्ये किंवा कागदपत्रांत पूर्ण उतरत नाही. वाचनालयात बसलेलो असताना मला हा निबंध पहिल्यांदा खरा कळला. या प्रोग्रामची समज माझ्याकडे अर्धीमुर्धी होती, एजंटकडे मी लिहून दिली तेवढीच होती. पुरती होती ती काकूंकडे.

एजंटमुळे कोड स्वस्त झाला आहे, यात मला शंका नाही. समज स्वस्त झालेली नाही. कोड भराभर येतो तेव्हा समजही त्याच वेगानं आली असं वाटू लागतं, आणि हा भास अनुभवी माणसांनाही होतो. एमईटीआर या संशोधन संस्थेनं २०२५ च्या सुरुवातीची एआय साधनं घेऊन १६ अनुभवी डेव्हलपरांचं काम मोजलं. त्यांच्या रोजच्या ओळखीच्या मुक्तस्रोत प्रकल्पांमधली २४६ कामं होती. एआयमुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावरही २० टक्के वाचला असंच त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात वेळ १९ टक्के जास्त लागला होता. साधनं तेव्हापासून सुधारली आहेत, आकडे बदलतील. पण ‘वाटणं’ आणि ‘असणं’ यांतलं हे अंतर प्रत्येकानं आपापल्या कामात तपासून पाहावं.

मी काय बदललं ते सांगतो. पुन्हा वाचनालयात गेलो आणि काकूंना विनंती केली की पंधरा-वीस पुस्तकं तुमच्या क्रमानं हातानं लिहून द्या. त्यांनी वहीचं पान फाडून लिहिलं: काजळमाया, कोसला, क्रौंचवध, झाडाझडती, बलुतं, पुढे शाळा, श्यामची आई, स्वामी आणि तळाशी ज्ञानेश्वरी. ते पान मी जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवलं आणि एजंटला सांगितलं, यादी अशी आली पाहिजे.

पहिल्या प्रयत्नात त्यानं काय केलं ते बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधल्या फरकात दिसलं. कोड न सुधारता त्यानं माझी फाइलच बदलली होती. चाचणी पास करणं हे त्याचं उद्दिष्ट होतं, आणि तिथं जाणारी ती सर्वात जवळची वाट होती. मी फाइल पूर्ववत केली, तिच्यावरचा लिहिण्याचा अधिकार काढला आणि कारणासह सूचनांच्या फाइलमध्ये नोंदवलं: हा क्रम ग्रंथपालांचा आहे, तो बदलायचा नाही. एजंटला कालचं संभाषण आठवत नाही. सूचनांची ही फाइल तो दर वेळी नव्यानं वाचतो. त्यानंतर काही मिनिटांत त्यानं मराठी क्रमाचा तो नियम शोधून जोडला. काम नेटकं होतं. माझ्या हातून ते इतक्या लवकर झालं नसतं, हेही तितकंच खरं.

तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पात मी हाच क्रम पाळतो. दूध डेअरीचा हिशेब असो की सोसायटीची देखभाल वर्गणी, ज्याचं काम आहे त्याच्या हातची दहा-वीस खरी उत्तरं आधी मागून घेतो. ती एजंटच्या हाताबाहेर ठेवतो. मगच त्याला म्हणतो, आता लिही.

काकूंनी पान देताना त्याच्या मागच्या बाजूला एक प्रश्नही लिहिला होता: ‘ॲ’नं सुरू होणारी पुस्तकं शोधली की निम्मीच का सापडतात? पडद्यावर सारखाच दिसणारा ‘ॲ’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. तो गुंता आम्ही कसा सोडवला, आणि त्यात एजंटनं मला काय शिकवलं, ते पुढच्या आठवड्यात.