जीवनसत्त्वांची गोळी रोज घ्यावी काय?

थकवा जाणवू लागला, केस गळू लागले किंवा मुलाचे अभ्यासात लक्ष लागेनासे झाले, की घरात जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटली येते. 'फायदा झाला तर झाला, तोटा तर नाही ना?' असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब कितपत खरा आहे, हे वाचकांनी एकदा तपासून पाहावे.

जीवनसत्त्वे अत्यल्प प्रमाणात लागतात. पण ती मुळीच मिळाली नाहीत तर अनर्थ ओढवतो. केवळ सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो, हे आयकमान यांना जावा बेटावर दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तथापि, उणीव भरून निघाल्यावर अधिक मात्रेने अधिक आरोग्य लाभते, असे मात्र नव्हे.

'ब' गटातील बहुतेक जीवनसत्त्वे व 'क' पाण्यात विरघळतात; त्यांचा जादा अंश बव्हंशी लघवीवाटे निघून जातो. अ, ड, ई व के ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्याने शरीरात साठून राहू शकतात. 'ड'चा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा पोहोचते. गर्भवतीने 'अ'ची मोठी मात्रा घेतल्यास गर्भाला धोका संभवतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीनची गोळी रोज घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी शेकडा १८ने अधिक आढळला!

मग गोळी व्यर्थच म्हणावी काय? तसेही नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळते. दूध वर्ज्य करणारे, वृद्ध आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे यांना त्याची उणीव भासू शकते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ही उणीव सावकाश उघडी पडते; दुर्लक्ष झाल्यास मज्जातंतूंची कायमची हानी होऊ शकते. फॉलिक आम्लाची गोष्टही अशीच महत्त्वाची आहे. गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. तोवर पुष्कळ स्त्रियांना गर्भधारणेची जाणीवही नसते. म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने ही गोळी वैद्यकीय सल्ल्याने आधीपासूनच सुरू करावी.

तेव्हा बाटली विकत घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझ्या आहारात नेमके काय कमी पडते? ती उणीव डॉक्टरांनी तपासून पाहिली आहे काय? चालू असलेल्या औषधांशी ही गोळी जुळेल काय? उत्तरे मिळाल्यावर गोळी घ्यावी लागली, तर ती ठरलेल्या मात्रेत व ठरलेल्या मुदतीपर्यंत निःशंकपणे घ्यावी. उत्तरेच नसतील, तर तेच पैसे डाळ, पालेभाजी, दही, पेरू आणि आवळा यांवर खर्च करावेत. ताटातील अन्न प्रथिने देते, चोथा देते आणि तृप्तीही देते. गोळीला हे साधत नाही.