‘लवकर’ नावाचा बटाटा

लालबागच्या चिवडा गल्लीतला उपवासाचा बटाटा चिवडा तळल्यावर काळपट पडता कामा नये. वड्याचे सारण कोरडे, भुसभुशीत हवे. चिकट झाले की वडा तेलात फुटतो. गिरगावातल्या पंगतीतल्या सुक्या भाजीच्या फोडी मात्र उलथने फिरवले तरी अखंड राहायला हव्यात. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी लावलेल्या गाडीपासून वडापावची सुरुवात झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानंतर परळ-लालबागच्या गिरणगावाची पोटे या एका पदार्थाने किती सांभाळली, हे मुंबईला सांगावे लागत नाही. तरीही आंबा घेताना हापूस की पायरी हे विचारणारा मुंबईकर बटाट्याचे वाण कधी विचारत नाही. पदार्थ जमणे-बिघडणे पुष्कळसे वाणावर अवलंबून असते आणि वाण आपल्या मातीत टिकेल की नाही, हे आपल्याच मातीत, आपल्याच हंगामात तपासावे लागते. महाराष्ट्रासाठी बटाट्याचे वाण निवडायचे तर त्याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली पाहिजे, हा या लेखाचा मुद्दा आहे.

उत्तर भारतात बटाटा हे थंडीचे पीक आहे. आपल्याकडे रब्बीत तो घेतला जातोच, पण पुणे जिल्ह्यातील खेड तालुका, आंबेगावचे सातगाव पठार आणि साताऱ्याचा पुसेगाव परिसर खरिपातही बटाटा लावतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काढणी. या काळात दिवस मोठा, आभाळ झाकोळलेले, हवा दमट आणि रात्री उबदार. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर राहिले की पाला माजतो आणि जमिनीखाली पोसण्याचे काम मंदावते. ढगाळ ओलीत करपा पसरतो, जमिनीतून बांगडी रोग येतो, काढलेल्या मालात पाकोळीची अळी शिरते. पंजाबच्या कोरड्या थंडीत भरघोस पिकणारे वाण इथे नुसता पाला दाखवू शकते. दोष त्या वाणाचा नसतो, त्याची परीक्षा वेगळ्या हवेत झालेली असते.

नवे वाण तयार होते कसे, हे पाहिले की स्थानिक चाचणीचे मोल कळते. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. जवळच सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर कुफरी आहे; उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत तिथे बटाटा चांगला फुलतो, म्हणून संकर तिथे होतात आणि वाणांच्या नावाआधी ‘कुफरी’ लागते. लागवडीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८ गुणसूत्रे असतात. त्यामुळे एकाच फळातल्या दोन बियांची रोपेही सारखी निघत नाहीत. हजारो रोपांतून निवड करत, निवडलेल्या रोपाचे कंद दर वर्षी पुन्हा लावत आठ-दहा वर्षे सहज जातात. एकदा निवडलेले रोप मात्र कंदापासून हुबेहूब वाढवता येते. मग ते निरनिराळ्या प्रदेशांत तपासायचे. त्यासाठी १९७१ च्या सुमारास अखिल भारतीय समन्वित प्रकल्प उभा राहिला.

या वाटेवरचे एक वाण आपल्या अगदी जवळचे आहे. १९७२ मध्ये प्रसारित झालेल्या ‘कुफरी लवकर’चे नाव मराठी आहे आणि त्याचा गुण त्या नावातच आहे. ते पठारी प्रदेशासाठी निवडले गेले. साधारण ७५-८० दिवसांत तयार होणारे, उष्ण हवेतही तग धरणारे. पावसावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पीक दोन-तीन आठवडे आधी हाती येणे म्हणजे परतीच्या पावसातून सुटका आणि दराची संधी. पठाराची गरज ओळखून वाण निवडले की काय साधते, त्याचा हा पुरावा. राजगुरुनगरला त्या काळी बटाटा संशोधनाचे केंद्र होते. १९९८ मध्ये तिथे राष्ट्रीय कांदा-लसूण संशोधन केंद्र आले आणि आज त्या गावाची ओळख कांदा-लसणाशी जोडली गेली आहे. कांद्याचे काम मोलाचेच आहे, पण खरीप बटाट्याची गरज त्याने संपत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: महाराष्ट्राचे बटाट्याचे क्षेत्र लहान, तुर्भ्याच्या बाजारात आग्रा आणि इंदूरकडून ट्रक येतातच, मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडचा माल मुख्यतः शीतगृहातून येतो. दोन ते चार अंशांवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. असा बटाटा उकडला की गोडसर लागतो आणि तळला की तपकिरी होतो, कारण कढईच्या उष्णतेत ही साखर अमिनो आम्लांशी संयोग पावते. दहा-बारा अंशांवर कोंब रोखून साठवण केली तर हा दोष कमी होतो, पण त्याला वेगळी सोय लागते. नवरात्राच्या उपवासाला आणि दिवाळीच्या फराळाला ताजा, कोरडा बटाटा मिळायचा तर पुण्या-साताऱ्याचा खरीपच उपयोगी पडतो. थोड्या क्षेत्रातून, पण नेमक्या वेळी येणारे हे पीक आहे. त्याचे मोल टनांत मोजून कळणार नाही.

दुसरा आक्षेप: वेफर्सच्या कंपन्या करारशेतीतून स्वतःची वाणे देतात, तेवढे पुरेसे नाही का? कराराने ठरलेला दर मिळतो, हा फायदा खरा आहे. पण कंपनी पाहते ते घन पदार्थाचे जास्त प्रमाण आणि कमी साखर. भाजीच्या फोडीशी तिला कर्तव्य नाही. शिवाय वाणावर मालकी आली की वादही येतो. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातमधील शेतकऱ्यांवर एका नोंदणीकृत वाणावरून दावे लावले आणि टीकेनंतर मागे घेतले. २०२१ मध्ये नोंदणी रद्द झाली, तर जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीचे अपील मान्य केले. वाणांच्या हक्कांविषयीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि ब्रँडशिवाय विकण्याचा हक्क दिला आहे. तरी कोर्टाची पायरी चढणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. करारात बांधून न घालणारे सार्वजनिक वाण म्हणूनच हाताशी असायला हवे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चांगली वाणे असूनही शेतकरी १९६८ ची ‘कुफरी ज्योती’च लावतो, मग नव्यांचा उपयोग काय? ज्योतीची करप्याविरुद्धची ताकद आज पूर्वीची राहिलेली नाही, हे तोही जाणतो. पण बेणे जालंधरकडून मंचरच्या बाजारात येते आणि जे येते तेच लावावे लागते. बटाट्याच्या लागवड खर्चात बेण्याचा वाटा मोठा असतो. न पाहिलेल्या वाणावर तो लावायला कोणी धजावत नाही. मावा विषाणू पसरवतो, त्यामुळे घरचे बेणे दोन-तीन हंगामांत खालावते आणि दर वेळी पुन्हा बाहेरचे आणावे लागते. शेतकऱ्याचा हा सावधपणा शहाणपणाचा आहे. वाण आणि बेणे या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, एवढे त्यातून शिकायचे. २००६ च्या ‘कुफरी सूर्या’सारखे उष्णता सोसणारे वाण सातगाव पठारावर, शेतकऱ्याच्याच वावरात, सलग तीन-चार खरीप हंगाम ज्योतीशेजारी लावून दाखवले आणि त्याचे निरोगी बेणे वेळेवर पुरवले, तर शेतकरी स्वतःच तुलना करेल.

या चाचणीत वजनकाट्याइतकाच मान कढईला मिळाला पाहिजे. हेक्टरी उत्पादन आणि करप्याचे गुण मांडतानाच तळल्यावरचा रंग, उकडल्यावरचा पोत आणि फोडीचा टिकाऊपणा नोंदवायला हवा. आज आपण बटाटा गावाच्या नावाने ओळखतो: तळेगाव, इंदूर, आग्रा. गावाचे नाव माल कुठून आला ते सांगते. तो कशासाठी बरा, हे वाणाच्या नावाशिवाय कळत नाही. गोणीवर वाणाचे नाव आणि काढणीचा महिना छापला, तर चिवडेवाला आपल्या कामाचा बटाटा नावाने मागू शकेल. त्या मागणीतून ठरणारा दर सातगाव पठारापर्यंत पोचला, की पुढच्या जूनमध्ये कोणते बेणे घ्यायचे याचे एक ठोस कारण शेतकऱ्याच्या हाती असेल.